घुणाक्षर आणि मंगळाचा चंद्र



ऐकणाऱ्यांचा भाव वाढावा म्हणून कीर्तनकार खोटे बोलला तर चालेल काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न जुना, पण हल्ली तो नव्या वेषात पुढे आला आहे, आणि त्याला निमित्त झाला आहे मंगळाभोवती फिरणारा एक लहानसा दगड. न्यायशास्त्राची शिस्त अशी की आधी प्रमाणाचा विचार करावा, मग प्रमेयाचा. परंतु वाचकांपैकी पुष्कळांना त्या दगडाची हकीकत ठाऊक नसेल, म्हणून आज क्रम मोडतो आणि प्रमेय आधी मांडतो.

मंगळाला दोन चंद्र आहेत. मोठ्याचे नाव फोबॉस, धाकट्याचे डीमॉस. ही नावे ग्रीक पुराणांतली असून त्यांचे अर्थ भय आणि धास्ती असे आहेत. मोठा म्हटला तरी केवढा? लांबीला सुमारे २७ किलोमीटर, रुंदीला २२, जाडीला १८. माउलींची पालखी आळंदीहून निघून पुण्याची मजल गाठते, जवळजवळ तेवढ्यातच हा चंद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संपतो. आपल्या चंद्रासारखा तो वाटोळा नाही. शेतातून उपटलेल्या बटाट्यासारखा वेडावाकडा आहे. त्याचे ओढून धरण्याचे बळ इतके थोडे की येथे साठ किलो भरणारा माणूस तेथे चाळीस ग्रॅमांच्या आतच भरेल. नाव भय, आणि बळ हे एवढे! मंगळाच्या पृष्ठापासून तो सुमारे ६००० किलोमीटरांवर असतो आणि ७ तास ३९ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. मंगळ स्वतःभोवती फिरतो त्यापेक्षा ह्याची घाई जास्त, म्हणून तेथे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

१८७७ च्या ऑगस्टात अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत, असफ हॉल यांनी हे दोन्ही चंद्र शोधून काढले. शोधता शोधता ते इतके निराश झाले होते की नाद सोडून देण्याच्या बेतात होते. त्यांची पत्नी अँजेलिना स्टिकनी यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे पाठविले. ही बाई साधीसुधी नव्हे. लग्नापूर्वी हॉल हे त्यांचेच विद्यार्थी होते. फोबॉसवर जे सर्वांत मोठे विवर आहे, सुमारे ९ किलोमीटर रुंदीचे, त्याला आज स्टिकनी हेच नाव आहे. पुरुषालाही ‘माउली’ म्हणणारे आपण लोक. मला ही गोष्ट फार गोड वाटली. असो.

पुढे जवळजवळ शंभर वर्षे हा चंद्र म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपका होता. ठिपक्याला रूप नसते. आणि वस्तूचे रूप दिसले नाही की मन आपल्या पदरचे रूप तिच्यावर चढविते. १९४५ साली शार्पलेस नावाच्या ज्योतिर्विदांनी जुनी निरीक्षणे जुळवून असे मांडले की फोबॉसची गती वाढत चालली आहे, म्हणजे तो हळूहळू मंगळाकडे खाली येतो आहे. त्या आकड्यांवरून रशियाचे मोठे विद्वान श्क्लोव्स्की यांनी १९६० च्या थोडे आधी अनुमान केले. ते असे : मंगळाची हवा विरळ आहे, एवढ्या विरळ हवेने त्याला खाली ओढायचे तर तो फार हलका पाहिजे, इतका हलका दगड असत नाही, तेव्हा तो आतून पोकळ असला पाहिजे, आणि पोकळ गोळा निसर्गात होत नाही, तेव्हा तो कोणीतरी घडविलेला असला पाहिजे. पहा, एकेक पायरी किती व्यवस्थित आहे! १९५७ मध्ये रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता, हेही ध्यानात ठेवा. ज्याच्या मनात जे भरलेले असते ते त्याला आकाशातही दिसू लागते.

आता शास्त्र काय म्हणते? डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे हे अनुमान खरे. पण पहाटेचे धुके पाहून कोणी धूर म्हटले तर? अनुमानाची रीत तीच, शब्द तेच. पण हेतूच असिद्ध. त्याच्यावर कितीही मजले चढविले तरी इमारत धुक्यावरच उभी. श्क्लोव्स्कींचे तसे झाले. चंद्र खाली उतरतो हे खरे होते, पण मूळ मोजणीत आकडा अधिक आलेला होता, आणि उतरण्याचे कारण हवा नसून मंगळाचीच ओढ आहे. तो शंभर वर्षांत सुमारे दोन मीटर खाली येतो. काही कोटी वर्षांनी एक तर मंगळावर आदळेल, नाही तर फुटून त्याचे कडे होईल.

पण हे वाद घालून मिटले असे नाही. पाहूनच मिटले. १९६९ मध्ये मरिनर-७ या यानाला फोबॉसची नुसती छोटीशी आकृती मिळाली होती. १४ नोव्हेंबर १९७१ या दिवशी मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे ते पहिलेच यान. पण ते पोचले तेव्हा सगळ्या मंगळावर धुळीचे वादळ उठलेले. एवढ्या लांब जावे आणि गाभाऱ्यापुढे पडदा असावा, तशी गत. तेव्हा पडदा सरेपर्यंत त्यांनी यानाचे कॅमेरे त्या दोन चंद्रांकडे वळविले. आणि दिसले काय? कोणी घडविलेला गोळा नाही, झगझगीत धातू नाही. उल्कांचा मार खाऊन खळगे पडलेला, डांबरासारखा काळपट ओबडधोबड दगड. पुढे १९७६-७७ मध्ये व्हायकिंग यानांनी आणखी जवळून चित्रे घेतली; त्यांतले एक यान तर सुमारे ९० किलोमीटरांपर्यंत गेले होते. तेव्हा त्या दगडावर लांबच लांब समांतर चऱ्या दिसल्या, जणू कोणी नांगर फिरविला आहे. त्याची घनताही कळली : पाण्याच्या १.९ पट. म्हणजे आत थोडी रिकामी जागा आहे, पण ती भेगा-फटींची, खोल्या-दालनांची नव्हे.

आता आपल्या देशाची गोष्ट. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी पाठविलेले यान आठ वर्षे टिकले. २०२२ मध्ये त्याचा संपर्क संपला. १ जुलै २०२० रोजी, फोबॉसपासून सुमारे ४२०० किलोमीटरांवर असताना, त्याने ह्या चंद्राचे चित्र घेतले. इस्रोने चित्राबरोबर काय सांगितले ते मला चित्राहून अधिक आवडले. सांगितले की ही सहा चित्रे जोडून केलेली एक प्रतिमा आहे. रंग मागाहून दुरुस्त केले आहेत. आणि हिच्यात २१० मीटरांचा एक ठिपका. म्हणजे आपले पंढरीचे सबंध देऊळ तेथे असते तर ते एका टिंबात मावले असते. नामदेव पायरी कुठली आणि गरुडखांब कुठला हे कळले नसते. किती दिसले हे सांगताना किती दिसले नाही हेही त्यांनी सांगून टाकले.

वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पंढरीला गेलेला कोणी पायांवर डोके ठेवून येतो, कोणाला मुखदर्शन घडते, आणि आषाढीच्या गर्दीत कित्येक लाख माणसे कळसाला हात जोडून माघारी फिरतात. घरी आल्यावर शेजारी विचारतो, "झालं का दर्शन?" खरा वारकरी म्हणतो, "कळस पाहिला बाबा." त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. कळस पाहून पाय धरल्याच्या गप्पा मारणारा मात्र वारी पुरी करूनही काहीतरी हरवून आला.

त्या चित्रात जी विवरे ओळखू येतात त्यांत एकाचे नाव श्क्लोव्स्की आहे. ज्यांचे अनुमान त्या दगडाने खोटे पाडले त्यांचेच नाव त्या दगडावर. त्यांची थट्टा म्हणून नव्हे, मान म्हणून. पंडितांच्या सभेत हरलेल्याला शाल देण्याची रीत आपल्याकडेही ऐकिवात आहे. पाहण्यात फारशी नाही.

हे चित्र वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून घरोघर गेले, आणि मग कीर्तनांतूनही आले. एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात एक तरुण बुवा ऐकले. गळा गोड, पाठांतर चांगले. रंगात येऊन ते म्हणाले, "मंगळाला दोन चंद्र आहेत हे आपल्या पुराणांत हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे, परक्यांनी आपल्या पोथ्या नेल्या म्हणून त्यांना ते कळले." टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी नंतर विचारले, "बुवा, कोणत्या पुराणात?" बुवा म्हणाले, "भाव असेल त्याला सापडते."

मी पुराणांत मंगळाला भौम म्हटलेले वाचले आहे, म्हणजे भूमीचा पुत्र. सूर्यसिद्धांतात त्याच्या गतीचे गणित आहे, आणि साध्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्यांनी ते किती बारकाईने बसविले हे पाहून आजही हात जोडावेसे वाटतात. चंद्रांचा तेथे उल्लेख नाही. असणार कसा? नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. जे दिसत होते ते त्यांनी चोख सांगितले, हाच त्यांचा मोठेपणा. त्यांच्या तोंडी न बोललेले शब्द घालून तो वाढत नाही.

बरे, समजा उल्लेख सापडला. तेवढ्याने ज्ञान होते काय? इंग्लंडात स्विफ्ट नावाचा लेखक होऊन गेला. १७२६ साली त्याने गलिव्हरच्या प्रवासाची कल्पित कथा लिहिली. तिच्यात एका उडत्या बेटावरच्या ज्योतिष्यांनी मंगळाचे दोन चंद्र शोधले असे आहे. एकाची प्रदक्षिणा १० तासांची, दुसऱ्याची साडेएकवीस तासांची. खऱ्या शोधाच्या १५१ वर्षे आधी! खरे आकडे सुमारे ७.७ तास आणि ३०.३ तास, पण दोन चंद्र आणि दोन्ही झपाट्याने फिरणारे, एवढे जुळले. मग इंग्रजांनी स्विफ्टला ऋषी ठरविला? नाही. त्यांनी पाहिले की ही कल्पना केप्लरच्या वेळेपासूनच चालत आली होती : पृथ्वीला एक, गुरूला त्या वेळी ठाऊक असलेले चार, म्हणून मधल्या मंगळाला दोन असावेत. केप्लरची तर आणखी गंमत. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीविषयीचा आपला शोध अक्षरांची उलटापालट करून गुप्त लिहिला. केप्लरने ती अक्षरे जुळविली आणि त्यांतून मंगळाचे दोन चंद्र वाचले! वाचन साफ चुकीचे, आणि गोष्ट खरी निघाली.

आमच्या पाठशाळेत ह्याला घुणाक्षरन्याय म्हणत. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो पोखरता पोखरता कधी एखादे अक्षर उमटते. पाहणारा म्हणतो, किड्याने ‘क’ काढला. काढला खरा, पण किड्याला मुळाक्षरे येत नाहीत. ज्योतिर्विदांनी फोबॉसच्या एका विवराला गलिव्हरचे एक नाव दिले, ग्रिल्ड्रिग, आणि डीमॉसवरच्या एकाला स्विफ्टचे. कौतुक केले, प्रमाण मानले नाही. हॉलने रात्री जागविल्या त्या हॉलच्या. स्विफ्टने गोष्ट लिहिली ती स्विफ्टची.

यावर पूर्वपक्ष असा येतो, आणि तो हलका नाही : "महाराज, तुम्ही शास्त्र सांगता, आम्ही गावात राहतो. तरुण पोरे दारूकडे, जुगाराकडे चालली आहेत. आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटून त्यांतल्या चार पोरांनी माळ घातली तर एका खोट्या वाक्याने कोणाचे बिघडले?" हे बोलणारे लोक कळकळीचे आहेत. त्यांच्या सप्ताहांनी व्यसने सुटलेली घरे मी पाहिली आहेत.

पण मी दुसरे एक घरही पाहिले आहे. बाप आणि मुलगा बरोबर पायी वारी करीत. मुलगा हुशार, अभियांत्रिकीला शहरात गेला. वसतिगृहात एके रात्री पोरांचे वाद चालले असता ह्याने कीर्तनात ऐकलेले असेच एक वाक्य ठासून सांगितले. मुलांनी विचारले, ग्रंथ कोणता? त्याने ग्रंथालय धुंडाळले, काही सापडले नाही, आणि त्याची टिंगल झाली. दिवाळीला घरी आला तेव्हा गळ्यात माळ नव्हती. बाप म्हणाला, "बाळा, माळ?" तो म्हणाला, "आबा, ते सगळं खोटं असतं." नामस्मरण, एकादशी, आजीचे हरिपाठ, सगळे त्याने त्या एका खोट्याबरोबर टाकून दिले, कारण त्याला ते एकाच मुखातून, एकाच पट्टीत मिळाले होते. आता बाप एकटा चालतो. दिंडीत माझ्या बाजूला असला की तो ह्याविषयी काही बोलत नाही.

सांगा, कोणाचे बिघडले?

चंद्राची प्रदक्षिणा किती तासांची हे श्रुतीच्या अधिकारातले नाहीच. श्रीशंकराचार्यांनी गीताभाष्यात, अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, ही मर्यादा घालून दिली आहे. जे डोळ्यांनी आणि अनुमानाने कळते तेथे श्रुतीला साक्षीला बोलावू नये. प्रत्यक्षाच्या विरुद्ध सांगेल तर तिचेही तेवढ्यापुरते प्रामाण्य नाही. आचार्यांहून श्रुतीचा अभिमानी कोण? तेच जेथे थांबले तेथे आपण का पुढे धावावे? डोळा रूप पाहतो, कान शब्द ऐकतो. कानाला रूप दिसत नाही म्हणून कान लहान होत नाही.

त्याच न्यायाने उलट बाजूलाही सांगणे आहे. तेच चित्र दाखवून कोणी म्हणतो, "पाहा, नुसता दगड निघाला, कुठे आहे तुमचा देव?" त्याचाही हेतू असिद्ध. कॅमेऱ्याला २१० मीटरांपलीकडचा खडक विचारला तर सांगता येत नाही. जे त्याला विचारलेच नाही त्याचे उत्तर तो देईल कसा? पण ह्या माणसाशी मी फार भांडत नाही. तो व्यासपीठावर नारदांच्या गादीवरून बोलत नाही, आणि त्याच्या शब्दावर कोणी माळ घालीत नाही. आपली जबाबदारी मोठी आहे.

एक शंका चाणाक्ष वाचकाच्या ओठांवर आली असेल. "बुवा, मग भिंत चालविल्याचे काय? रेड्यामुखी वेद बोलविल्याचे काय? ते तुम्ही सांगता ना?" सांगतो. सांगत राहीन. पौराणिकांनी ऐतिह्य नावाचे एक प्रमाण मानले आहे : परंपरेने असे सांगत आले. मी ते ऐतिह्य म्हणूनच सांगतो, संतांचे चरित्र म्हणून, आणि त्यातला अहंकार गळण्याचा अर्थ उलगडतो. "आता प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले आहे" असे त्याच्या पुढे जोडीत नाही. कोणाला हा भेद केसाएवढा वाटेल. मला तो विणा आणि तबकडी यांच्यातल्या भेदाएवढा वाटतो. एका ठिकाणी माणूस आपल्या हाताने तार छेडतो. दुसऱ्या ठिकाणी कोणाचा तरी सूर आपला म्हणून वाजवितो.

तरुण कीर्तनकारांनी विज्ञान सांगूच नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर सांगावे. धुळीचे वादळ सरेपर्यंत वाट पाहणारे यान, निराश नवऱ्याला पुन्हा दुर्बिणीकडे धाडणारी बाई, हरलेल्या विद्वानाचे विवराला दिलेले नाव : ह्यांहून चांगले दृष्टांत शोधूनही सापडायचे नाहीत, आणि ते खरे आहेत. फक्त सांगण्यापूर्वी कोणा जाणत्याला विचारावे. गावात शाळेचा विज्ञान शिक्षक असतो. त्याच्या ओसरीवर जाऊन बसायला लाज कसली?

फोबॉसवरच्या त्या चऱ्या कशाने पडल्या हे अजून ठरलेले नाही. कोणी म्हणतात, स्टिकनी विवर करणाऱ्या आघाताने धोंडे उडाले आणि घरंगळत गेले त्यांच्या त्या खुणा. कोणी म्हणतात, मंगळाची ओढ त्या दगडाला ताणते म्हणून पडलेल्या भेगा. कोणी त्यांना मंगळावरून उडून आलेल्या तुकड्यांचा मारा समजतात. तो चंद्र मंगळाने बाहेरून पकडलेला की मंगळावरच्या आघातातून जन्मलेला, यावरही दोन पक्ष आहेत. रशियाने १९८८ मध्ये दोन याने पाठविली. एकाचा संपर्क वाटेतच तुटला, दुसरे १९८९ च्या मार्चमध्ये, काही चित्रे पाठवून, अगदी जवळ गेले असताना मुके झाले. २०११ साली पाठविलेले तर पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि पुढच्या जानेवारीत समुद्रात पडले. आजवर कोणतेही यान त्या दगडावर उतरलेले नाही. कळस झाला, मुखदर्शन झाले. पायांना हात लागायचा आहे. जपानचे शास्त्रज्ञ तेथली माती आणण्याच्या तयारीत आहेत. तोवर सप्ताहात एखाद्या पोराने मला त्या चऱ्यांविषयी विचारले, तर मी त्याला तिन्ही पक्ष सांगतो आणि माती यायची आहे हेही सांगतो.